वजन, धुरा आणि हिशेब: कोल्हापूर जिल्ह्यातील एका सहकारी औद्योगिक वसाहतीने रस्ता-आकारणीसाठी तंत्रज्ञान कसे निवडले

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गापासून थोड्या अंतरावर असलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील एका सहकारी औद्योगिक वसाहतीचे आहे. वसाहतीचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही व ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. एमआयडीसीच्या वसाहतींत रस्ते महामंडळाच्या अखत्यारीत असतात. येथे मात्र संस्थेने स्वतः जमीन घेऊन प्लॉट पाडलेले असल्यामुळे आतले रस्ते, गटारे आणि पथदिवे ही संस्थेची मालमत्ता आहे. त्यांच्या देखभालीचा खर्च सभासदांकडून प्लॉटच्या क्षेत्रफळानुसार घेतल्या जाणाऱ्या सेवाशुल्कातून भागवला जात असे.

वसाहतीत काही फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारे कारखाने आहेत, त्यांच्याहून कितीतरी जास्त मशीन शॉप आहेत, आणि पॅटर्न (ओतकामाचे नमुने), रंगकाम, पॅकिंग अशी कामे करणारे छोटे उद्योजक आहेत. फौंड्रीकडे पिग आयर्न, भंगार, कोक आणि सिलिका वाळू मोठ्या ट्रकमधून येते, आणि कास्टिंग (ओतीव भाग) व वापरलेली वाळू तशाच ट्रकमधून किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीतून बाहेर जाते. मशीन शॉपचा बहुतेक माल छोट्या टेम्पोतून फिरतो.

कोल्हापुरात रस्त्यासाठी पैसे घेण्याचा विषय निघाला की त्याला अलीकडचा इतिहास चिकटलेला असतो. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर झाले, ऑक्टोबर २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये संतप्त जमावाने नाके पेटवले, आणि प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखालील दीर्घ आंदोलनानंतर डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने हा टोल रद्द केला. वसाहतीतील अनेक सभासद त्या मोर्चांत स्वतः चालले होते. त्यामुळे वार्षिक सभेत ‘वापरानुसार आकारणी’ हे शब्द प्रथम उच्चारले गेले तेव्हा मागच्या रांगेतून लगेच प्रश्न आला, “म्हणजे आता आपल्याच दारात टोलनाका बसवायलाय काय?” पुढच्या प्रत्येक निर्णयावर या प्रश्नाचा प्रभाव राहिला, आणि माझ्या मते तो चांगलाच ठरला.

प्रश्न

लागोपाठच्या जोरदार पावसाळ्यांनंतर मुख्य प्रवेशद्वारापासून फौंड्रींकडे जाणारा डांबरी रस्ता जागोजागी खचला. खड्डे बुजवण्याने भागणार नव्हते. पाया उकरून थर नव्याने टाकावे लागणार होते, आणि त्यासाठी सेवाशुल्कात मोठी वाढ करावी लागली असती. मशीन शॉपवाल्यांनी वाढीला विरोध केला. आमचा माल छोट्या टेम्पोत येतो, रस्ता मोठ्या ट्रकने फुटतो, मग क्षेत्रफळाच्या हिशेबाने आम्ही का भरायचे, असे त्यांचे म्हणणे होते. एका ज्येष्ठ फौंड्रीमालकांनी त्यावर उत्तर दिले की तुमच्या लेथवर चढणारे कास्टिंग माझ्याच भट्टीतून येते, आणि माझा कच्चा माल आला नाही तर तुमची मशीन बंद राहतील.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. मशीन शॉपवाल्यांच्या म्हणण्याला मात्र रस्ते अभियांत्रिकीचा भक्कम आधार आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की रस्त्याची झीज धुऱ्यावरील, म्हणजे एका अॅक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. धुऱ्यावरचा भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट न होता सुमारे १६ पट होते. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका धुऱ्यावरील अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आला. ही वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण चौथ्या घाताच्या नियमाने त्या धुऱ्यामुळे होणारी झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. जुने अंतर्गत रस्ते हा भार गृहीत धरून बांधलेले नव्हते.

संस्थेच्या संचालक मंडळाने एक छोटी समिती नेमली. तिच्यापुढील प्रश्न असा होता: रस्त्याच्या खर्चाचा निदान काही भाग प्रत्यक्ष वापरानुसार वसूल करायचा असेल, तर वापर कसा मोजावा, पैसे कोणाकडून घ्यावेत, आणि हे सर्व फाटकावर रांग न लावता कसे व्हावे?

पर्यायांचा विचार

समितीच्या पहिल्या बैठकीतच एका पुरवठादाराचे फास्टॅग रीडर आणि स्वयंचलित अडथळ्याचे दरपत्रक टेबलावर होते. कोणते यंत्र घ्यायचे याची चर्चा सुरू झाली, पण ते यंत्र नेमके काय मोजते हे कोणी विचारले नाही. सुदैवाने समितीतील एका निवृत्त अभियंत्याने आग्रह धरला की प्रत्येक पर्यायासमोर ‘यातून कोणती माहिती मिळते’ हा रकाना भरल्याशिवाय किमतीचा रकाना उघडायचा नाही. या प्रकरणातील हा पहिला महत्त्वाचा निर्णयबिंदू होय.

फाटकावर पावती फाडण्याचा पर्याय सर्वात स्वस्त होता आणि तो सर्वात लवकर फेटाळला गेला. रोख रकमेत गळती होते, वाद वॉचमनच्या अंगावर येतात, आणि फाटकापासून महामार्गाच्या सेवा रस्त्यापर्यंतचे अंतर इतके कमी आहे की थोडे ट्रक थांबले तरी रांग बाहेर जाते.

फास्टॅगचा विचार बराच वेळ झाला, कारण तो बहुतेक ट्रकच्या काचेवर आधीच चिकटवलेला असतो. राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर तो फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. त्यातील चिपला स्वतःची बॅटरी नसते. रीडरच्या रेडिओ लहरींतून मिळालेल्या ऊर्जेवर ती आपला क्रमांक परत पाठवते, आणि पुढचा व्यवहार राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यंत्रणेतून बँकांमध्ये होतो. महामार्गाबाहेर काही ठिकाणी पार्किंगसाठीही त्याचा वापर होतो, म्हणजे मार्ग पूर्णपणे बंद नव्हता. अडचणी दोन होत्या. पहिली, फास्टॅग गाडी आल्याचे आणि तिचा वर्ग सांगतो. ती रिकामी आहे की भरलेली, हे सांगत नाही, आणि या वसाहतीचा सगळा वाद भाराचा होता. दुसरी अडचण जास्त गंभीर होती. टॅगमधील पैसे वाहतूकदाराचे असतात. कोल्हापूर, बेळगाव किंवा सोलापूरच्या ट्रकमालकाच्या खात्यातून एका खासगी संस्थेने रक्कम वळती केली असती, तर तो ती भाड्यात चढवून मागणार, देणार-घेणाऱ्यांत तंटे होणार, आणि वसाहतीने टोल बसवल्याची बातमी बाजारात पसरणार हे स्पष्ट होते.

नेहमीच्या गाड्यांना संस्थेचे स्वतःचे रेडिओ कार्ड देण्याचा पर्याय पुढे आला. सभासदांच्या स्वतःच्या गाड्यांसाठी तो सोयीचा होता. परंतु कच्चा माल आणणारे ट्रक बहुधा बाजारातून ठरवलेले असतात आणि आज आलेली गाडी पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे जेथे मोजणे सर्वात गरजेचे तेथेच कार्ड निरुपयोगी ठरले असते.

उपग्रहाधारित मोजणीचा मोह काही तरुण सभासदांना होता. जर्मनीने जड ट्रकसाठी १ जानेवारी २००५ पासून अशी यंत्रणा चालवली आहे. ती २००३ मध्ये सुरू व्हायची होती आणि तांत्रिक अडचणींमुळे लांबली. भारतातही सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत दुरुस्ती होऊन उपग्रहाधारित उपकरण असलेल्या गाड्यांना दररोज प्रत्येक दिशेने २० किलोमीटरपर्यंत शुल्कमाफीची तरतूद झाली. लांब अंतरासाठी आणि अनेक वाटा असलेल्या जाळ्यासाठी हे तंत्र योग्य आहे. पण ज्या वसाहतीत आत-बाहेर करायला मोजकीच फाटके आहेत, तेथे प्रत्येक परक्या ट्रकमध्ये उपकरण बसवण्याची अपेक्षा करणे म्हणजे प्रश्नापेक्षा उत्तर मोठे करणे होते, आणि समितीने तो पर्याय एका बैठकीत बाजूला ठेवला.

राहिला नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये गर्दी-आकार सुरू केला तो अशाच कॅमेऱ्यांवर. स्टॉकहोमचा अनुभव समितीला अधिक उपयोगी वाटला: तेथे २००६ च्या चाचणीत गाड्यांमध्ये बसवायची उपकरणे आणि कॅमेरे दोन्ही वापरले गेले, कॅमेऱ्यांची वाचनक्षमता पुरेशी असल्याचे दिसले, आणि २००७ मध्ये योजना कायम झाली तेव्हा उपकरणे वगळण्यात आली. गाडीत काहीही बसवावे लागत नाही, ही कॅमेऱ्याची मोठी जमेची बाजू आहे. परंतु कॅमेराही वजन सांगत नाही. म्हणून समितीने त्याला वसाहतीच्या आवारात आधीच असलेल्या वजनकाट्याची जोड देण्याचे ठरवले. मालाच्या हिशेबासाठी बहुतेक भरलेले ट्रक त्या काट्यावर जातच होते. त्याची पडताळणी व मुद्रांकन वैधमापन विभागाकडून नियमित होत होते, त्यामुळे त्याच्या आकड्यावर सभासदांचा आधीपासून विश्वास होता.

पैसे कोणाकडून घ्यायचे

तंत्रज्ञानापेक्षा या प्रश्नाने जास्त बैठका खाल्ल्या. वसाहतीतून पलीकडच्या गावाकडे जाणारी एक वाट आहे आणि गावकऱ्यांची वाहने वर्षानुवर्षे तिचा वापर करतात. संस्थेच्या वकिलांनी असा सल्ला दिला की संस्था आपल्या मालमत्तेच्या देखभालीसाठी सभासदांकडून शुल्क घेऊ शकते, परंतु लोकांच्या वहिवाटीच्या रस्त्यावर बाहेरच्या वाहनचालकाकडून आकार घेण्याच्या फंदात पडू नये.

यातून जो निर्णय निघाला तो मला संपूर्ण प्रकरणात सर्वात शहाणपणाचा वाटतो. चालकाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. ज्या सभासदाकडे माल आला किंवा ज्याच्याकडून गेला, त्याच्या मासिक बिलात ‘रस्ता देखभाल आकार’ जोडायचा. दुचाकी, मोटारी, शाळेच्या गाड्या, गावकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि छोटे टेम्पो यांतून वगळायचे. फाटकावर अडथळा उभारायचा नाही. गाडी थांबवण्याचे कारणच उरले नाही, म्हणून नाकाही उरला नाही. सभेत पहिला प्रश्न विचारणाऱ्या सभासदांनी या ठरावाला अनुमोदन दिले, मात्र एक अट घालून: जमा झालेली प्रत्येक रक्कम स्वतंत्र खात्यात राहील आणि तिचा जमाखर्च दरमहा संस्थेच्या फलकावर लागेल. आपल्या शहरातील टोलविरोधात दराइतकाच राग होता तो कामाचा दर्जा, प्रकल्पाची खरी किंमत आणि वसुलीचा हिशेब याविषयीच्या अविश्वासाचा. ही अट त्या अनुभवातून आली होती.

सेवाशुल्क पूर्णपणे रद्द झाले नाही. रस्त्याच्या खर्चाचा एक भाग पूर्वीप्रमाणे क्षेत्रफळावर आणि उरलेला वजनाच्या टप्प्यांवर विभागला गेला. फौंड्रीमालकांचा कास्टिंगचा मुद्दा मान्य करण्याची ती रीत होती.

अंमलबजावणी

पहिले तीन महिने बिले शून्य रकमेची काढण्यात आली. प्रत्येक सभासदाला त्याच्या नावावर किती फेऱ्या, किती वजन आणि किती आकार बसला असता हे कळत होते, पण भरावे काहीच लागत नव्हते. या काळात जे दोष सापडले ते खऱ्या बिलांनंतर सापडले असते, तर योजना तेथेच मोडली असती.

काही जुन्या गाड्यांवर नंबर मराठी आकड्यांत लिहिलेले होते आणि कॅमेऱ्याची प्रणाली ते चुकीचे वाचत होती किंवा सोडून देत होती. पावसाळ्यात मागची प्लेट चिखलाने माखत असे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचे क्रमांक वेगळे असत, आणि अनेकदा ट्रॉलीवर क्रमांकच नसे. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांवरील उच्च सुरक्षा नंबरप्लेट ठरावीक अक्षरवळणाची असल्याने व्यवस्थित वाचली जाई. अडचण जुन्या गाड्यांची होती. न वाचता आलेली प्रत्येक प्रतिमा वेगळ्या यादीत टाकून फाटकावरील आवक-जावक नोंदवहीशी ताडायची, आणि तरीही शंका राहिली तर सभासदाच्या बाजूने निकाल द्यायचा, असा नियम झाला. नोंदवही बंद करण्याचा प्रस्ताव त्यामुळे मागे घेतला गेला. वॉचमनचे काम कमी झाले नाही, पण आता त्यांच्यावर पैशाची जबाबदारी नव्हती.

विजेची आणि संपर्काची पेटी सुरुवातीच्या आराखड्यात फाटकालगत जमिनीपासून जेमतेम उंचीवर होती. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याचे सर्वांनी पाहिले होते. वसाहत त्या पातळीहून वर असली तरी फाटकाजवळचा नाला तुंबतो हे जुन्या सभासदांना माहीत होते. त्यांच्या सांगण्यावरून पेटी उंच चौथऱ्यावर गेली.

सर्वात नाजूक मुद्दा गुप्ततेचा निघाला, आणि तो अपेक्षेपेक्षा वेगळ्या बाजूने आला. समितीने चालकाच्या खासगीपणाचा विचार करून कॅमेरा गाडीच्या मागून लावला होता, जेणेकरून केबिनमधील माणसाचा चेहरा टिपला जाऊ नये. पण एका फौंड्रीमालकांनी विचारले की माझ्याकडून कोणत्या वाहतूकदाराची गाडी किती वेळा आणि किती वजन घेऊन बाहेर पडते हे समजले, तर माझी ऑर्डर कोणाची आणि किती हे समजायला काय उरले? संचालक मंडळात त्यांचे स्पर्धक बसत होते. ही भीती रास्त होती, आणि पुरवठादाराच्या सादरीकरणात तिचा उल्लेखही नव्हता. शेवटी असे ठरले की कच्ची नोंद फक्त संस्थेचा लिपिक आणि बाहेरचा लेखापरीक्षक पाहील, संचालकांना केवळ एकूण बेरीज दिसेल, प्रत्येक सभासदाला स्वतःच्याच फेऱ्यांचा तपशील मिळेल, आणि बिलावर हरकत घेण्याची मुदत संपली की प्रतिमा पुसल्या जातील. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चा आधार घेऊन चालकांसाठीही फाटकावर मराठी आणि कन्नडमध्ये सूचनाफलक लावण्यात आला.

परिणाम

रस्त्याचे काम झाले. आकाराच्या रकमेतून पहिला टप्पा आणि क्षेत्रफळावरील शुल्कातून दुसरा टप्पा पूर्ण करता आला, आणि फलकावर लागणाऱ्या हिशेबामुळे ठेकेदाराच्या बिलांची चर्चा सभासद उघडपणे करू लागले. फाटकावर रांग लागली नाही. बिलांवरील हरकती सुरुवातीला बऱ्याच आल्या, नंतर बहुतांश ट्रॅक्टर-ट्रॉलीपुरत्या उरल्या.

काही उद्योजकांनी मोठ्या ट्रकऐवजी छोट्या गाडीच्या दोन फेऱ्या करायला सुरुवात केली. त्यामुळे वर्दळ वाढल्याची तक्रार आली. रस्त्याच्या दृष्टीने मात्र हे हिताचेच होते: धुऱ्यावरचा भार निम्मा झाला तर एका फेरीची झीज सोळाव्या भागावर येते आणि दोन फेऱ्या धरूनही ती आठव्या भागाइतकीच राहते.

वेगळे काय करता आले असते

वर्षभरानंतर एका सभासदाने आपल्या वाहतूकदाराची तक्रार समितीपुढे ठेवली. तीन धुऱ्यांचा ट्रक वजनाने जास्त असल्यामुळे वरच्या टप्प्यात जातो आणि दोन धुऱ्यांचा ट्रक खालच्या टप्प्यात राहतो. पण रस्ता खरोखर कोण जास्त फोडतो? निवृत्त अभियंत्याने रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाण भारांवरून गणित करून दाखवले. हे प्रमाण भार पुढच्या दोन टायरच्या धुऱ्याला ६५ किलोन्यूटन, चार टायरच्या एकेरी धुऱ्याला ८० आणि जोडधुऱ्याला, म्हणजे जवळजवळ असलेल्या दोन धुऱ्यांच्या जोडीला, १४८ किलोन्यूटन असे धरले जातात (एक टन म्हणजे सुमारे ९.८ किलोन्यूटन). पुढे ७ आणि मागे ११.५ टन असा १८.५ टनांचा दोन धुऱ्यांचा ट्रक ८० किलोन्यूटनच्या एका प्रमाण धुऱ्याच्या सुमारे ५.२ पट झीज करतो. पुढे ७ आणि मागच्या जोडधुऱ्यावर २१ टन असा २८ टनांचा ट्रक सुमारे ५ पट झीज करतो. म्हणजे साडेनऊ टन अधिक वजन नेणारी गाडी रस्त्याला जास्त इजा करत नव्हती, तरी तिला जास्त आकार बसत होता. वाहून नेलेल्या मालाच्या प्रत्येक टनामागे पाहिले तर ती रस्त्याला कितीतरी सुसह्य होती.

वजनकाटा संपूर्ण गाडीचे वजन सांगतो, धुऱ्यांचे नाही. ‘कोणती माहिती मिळते’ हा रकाना समितीने भरला होता, पण वजन मिळाले की भार मिळाला असे मानून ती पुढे गेली. त्याच टप्प्यावर धुऱ्यांची संख्या नोंदवण्यासाठी बाजूने एक कॅमेरा घेतला असता, तर त्याचा खर्च एकूण खर्चात किरकोळ होता आणि दराचे टप्पे पहिल्या दिवसापासून न्याय्य झाले असते. चालत्या गाडीच्या प्रत्येक धुऱ्याचे वजन घेणारे उपकरणही बाजारात आहे. त्यासाठी सपाट आणि भक्कम रस्ता लागतो, जो त्या वेळी वसाहतीकडे नव्हता आणि आता आहे.

ट्रॅक्टर-ट्रॉलीबाबतही प्रश्न शिल्लक आहे. क्रमांक नसलेल्या ट्रॉलीची जबाबदारी माल पाठवणाऱ्या सभासदावर टाकून नोंद त्याच्याच गेटपासवरून घेतली असती, तर हरकतींचा मोठा भाग उद्भवला नसता. गावकऱ्यांशी बोलणी योजना ठरल्यानंतर झाली, ती आधी व्हायला हवी होती. त्यांची वाहने वगळलेली असूनही कॅमेरा पाहून काही दिवस गैरसमज राहिला, आणि तो दूर करायला सरपंचांना दोनदा बोलवावे लागले.

धुऱ्यांच्या संख्येनुसार सुधारित टप्प्यांचा प्रस्ताव समितीने तयार केला आहे. त्यात तीन व अधिक धुऱ्यांच्या गाड्यांचा दर कमी होतो आणि पूर्ण भरलेल्या दोन धुऱ्यांच्या ट्रकचा वाढतो. असे ट्रक वापरणारे सभासद संख्येने जास्त आहेत, म्हणून मंजुरी सोपी नाही. प्रस्तावासोबत गेल्या वर्षाच्या फेऱ्यांवर नवे दर लावून प्रत्येकाचे तुलनात्मक बिल, पुन्हा शून्य रकमेचे, पाठवण्यात येणार आहे, आणि निर्णय येत्या वार्षिक सभेत मतदानाने होईल.